बिघाडाचे नियोजन

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नवा भाग उत्पादनात घेण्यापूर्वी एक तक्ता भरला जातो. तो भाग कोणकोणत्या प्रकारे निकामी होऊ शकेल, तसे झाल्यास पुढे काय घडेल, त्याचे कारण काय असेल आणि ते कारण वेळेत ध्यानात येईल की नाही, या प्रश्नांची उत्तरे त्यात रकान्यांनुसार नोंदवली जातात. ‘फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स ॲनालिसिस’ असे या पद्धतीचे नाव असून कारखान्यात तिला सर्रास ‘एफएमईए’ म्हणतात. अमेरिकी लष्कराने 1949 मध्ये तिची कार्यपद्धती लेखी स्वरूपात आणली, पुढे अंतराळ मोहिमांनी ती उचलली, 1970 च्या दशकात फोर्ड कंपनीने ती मोटार उद्योगात रुजवली आणि आज मोठ्या वाहन कंपन्यांना माल पुरवायचा तर हा तक्ता पुरवठादाराला सादर करावाच लागतो.

याच पट्ट्यात संध्याकाळ झाली की दुसरी एक यंत्रसामग्री सुरू होते. चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीच्या संत तुकारामनगरातील आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह आणि पिंपळे गुरवचे नटसम्राट निळू फुले रंगमंदिर येथे नाटके, वाद्यवृंद आणि कंपन्यांचे वार्षिक मेळावे होतात. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधी महोत्सवात गायन-कीर्तन होते. आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामी येते. आणि भाद्रपदात चौकाचौकांत मांडव उभे राहतात. जानेवारी 2016 मधील 89 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि जानेवारी 2024 मधील शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन ही दोन्ही याच परिसरात भरली. या सगळ्यांचा श्वास माइक, मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या साखळीवर चालतो. दिवसपाळीत एफएमईएचे रकाने भरणारा कामगार संध्याकाळी मंडळाचा कार्यकर्ता म्हणून याच साखळीजवळ उभा असतो, परंतु तिच्यासाठी तसा तक्ता मात्र क्वचितच कोणी भरतो. वास्तविक तो भरण्याची गरज इथे अधिक आहे, कारण कारखान्यातील यंत्र बिघडले तर लाइन थांबवता येते आणि राहिलेला माल पुढच्या पाळीत काढता येतो, तर मांडवातील वाया गेलेली दहा मिनिटे कायमची जातात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम 2000 नुसार उघड्या जागेत रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी आहे. वर्षातील जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते, बाकीच्या दिवशी मात्र दहाच्या ठोक्याला कार्यक्रम आटोपावा लागतो, मग मधल्या वेळात बिघाड झालेला असो वा नसो.

ध्वनिव्यवस्थेचा बिघाड समजून घ्यायचा तर तिची रचना आधी पाहावी लागते. गायकाचा आवाज माइकमध्ये क्षीण विद्युत् संकेताचे रूप घेतो, केबलमधून रंगमंचावरच्या स्टेजबॉक्समध्ये म्हणजे सर्व केबली एकत्र करणाऱ्या पेटीत जातो, तेथून मिक्सरमध्ये पोहोचतो, तेथे इतर संकेतांशी त्याचे प्रमाण जुळवले जाते, मग प्रोसेसरमधून ॲम्प्लिफायरमध्ये जाऊन बलवान होतो आणि शेवटी स्पीकरमधून पुन्हा हवेत येतो. हे सारे टप्पे एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे त्यांपैकी एकही टप्पा तुटला तर पुढचे सगळे निरोगी असूनही निरुपयोगी ठरतात. लंडनच्या वेम्बली मैदानावर 13 जुलै 1985 रोजी झालेल्या ‘लाइव्ह एड’ या जगभर प्रक्षेपित झालेल्या मैफलीत समारोपाला पॉल मॅकार्टनी पियानोवर बसून गाऊ लागले, तेव्हा त्यांच्यासमोरचा माइक सुरुवातीची सुमारे दोन मिनिटे बंदच होता. हजारो वॉटचे ॲम्प्लिफायर आणि अब्जावधींचा श्रोतृवर्ग तयार होता, उणीव होती ती पियानोजवळच्या दुसऱ्या माइकची.

एफएमईएमध्ये प्रत्येक संभाव्य बिघाडाला तीन निकषांवर 1 ते 10 असे गुण देतात: परिणाम किती गंभीर, घडण्याची शक्यता किती आणि घडण्यापूर्वी तो ओळखू येणे किती अवघड. या तिघांचा गुणाकार म्हणजे जोखमीचा अंक. नमुन्यादाखल मांडवातील तीन बिघाड घेता येतील. एका हातमाइकची केबल तुटणे याला गांभीर्याचे 6, शक्यतेचे 7 आणि ओळखण्याच्या अडचणीचे 3 गुण दिले तर अंक 126 येतो. मिक्सरचा वीजपुरवठा आतून बंद पडणे याला 10, 2 आणि 8 दिले तर 160. आणि वीजजोडणीतील न्यूट्रल तार सुटणे याला 10, 3 आणि 9 दिले तर 270. हे गुण केवळ उदाहरणासाठी घेतले असून प्रत्येक व्यवस्थेचे गुण वेगळे असतील, पण एवढ्या साध्या हिशेबातूनही एक गोष्ट उघड होते, ती म्हणजे सर्वाधिक वेळा होणारा बिघाड हा सर्वाधिक घातक असतोच असे नाही. गुणाकाराच्या या रीतीतही खोट आहे. गांभीर्य 10 असलेला पण दुर्मीळ आणि सहज ओळखू येणारा धोका तिच्यात तळाला जाऊन बसतो. म्हणूनच अमेरिकी आणि जर्मन मोटार उद्योगांनी 2019 मध्ये एकत्रितपणे काढलेल्या पुस्तिकेत गुणाकार बाजूला ठेवून गांभीर्याला पहिले स्थान देणारी पद्धत स्वीकारली.

गांभीर्य कार्यक्रमागणिक बदलते, हे ध्वनिसंयोजकाने विशेष लक्षात घ्यावे. नाटकाच्या प्रयोगात माइक गेले तर कसलेला नट आवाज चढवून प्रवेश पुढे नेतो. वारकरी कीर्तनात बुवांचा माइक मुका झाला तर मागचे टाळकरी आणि मृदंग विजेवर चालत नाहीत, त्यामुळे बुवा गजर धरतात, मंडपातली माणसे त्यात आवाज मिसळतात आणि तेवढ्यात केबल बदलून होते. बिघाड झाल्याचे अर्ध्या लोकांना कळतही नाही. याउलट वाद्यवृंदात कीबोर्ड आणि इलेक्ट्रिक गिटार ही ॲम्प्लिफायरशिवाय जवळजवळ मुकी वाद्ये असल्याने सगळे एकदम ठप्प होते, आणि कंपनीच्या मेळाव्यात व्यवस्थापकीय संचालकांचे भाषण तुटले तर त्यांना गजर धरण्याचीही सोय नसते. तेव्हा तक्ता भरताना पहिला प्रश्न ‘काय बिघडेल’ हा असला तरी दुसरा प्रश्न ‘आवाजावाचून हा कार्यक्रम किती वेळ तग धरेल’ हा असायला हवा.

वरच्या उदाहरणात सर्वाधिक अंक न्यूट्रल तारेला मिळाला, त्याचे कारण थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. मोठ्या मांडवाला वीज तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारांनी येते. फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे 230 व्होल्ट, तर कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे 400 व्होल्ट दाब असतो. रोषणाई एका फेजवर, ध्वनी दुसऱ्यावर आणि पंखे तिसऱ्यावर अशी वाटणी केलेली असते व तिन्हींचा परतीचा मार्ग एकच, तो म्हणजे न्यूट्रल. ही तार जनरेटरच्या किंवा वितरण पेटीच्या टर्मिनलमध्ये सैल राहून सुटली, तर परतीची वाट बंद होते आणि रोषणाई व ध्वनी ही दोन उपकरणे नकळत दोन फेजच्या मध्ये एकापुढे एक जोडल्यासारखी होतात. अशा जोडणीत कमी वीज घेणाऱ्या उपकरणाच्या वाट्याला जास्त दाब येतो. दिव्यांच्या माळा भरपूर वीज खेचत असतात, मिक्सर अगदी थोडी. परिणामी 230 व्होल्टसाठी बनवलेल्या मिक्सरवर 300 हून अधिक व्होल्ट येऊन आदळतात आणि क्षणार्धात त्याचा वीजपुरवठा जळतो. एमसीबी अशा वेळी पडत नाही, कारण ती जास्त प्रवाहाला ओळखते, जास्त दाबाला ओळखत नाही.

यावरचा उपाय दोनशे-पाचशे रुपयांच्या मल्टिमीटरपासून सुरू होतो. ध्वनीच्या बोर्डावर काहीही जोडण्यापूर्वी फेज आणि न्यूट्रल यांच्यातील दाब 230 च्या आसपास, फेज आणि अर्थ यांच्यातील दाब जवळजवळ तेवढाच आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यातील दाब एक-दोन व्होल्टपुरता आहे की नाही, हे मोजावे. मांडवातले बहुतेक लोक हे मोजमाप दुपारी, दिवे बंद असताना करतात आणि समाधानाने मीटर गुंडाळून ठेवतात. सैल न्यूट्रलचे सोंग मात्र भार पडल्यावरच उघडे पडते; म्हणून संपूर्ण रोषणाई लावून तेच मोजमाप पुन्हा करावे, आणि त्या वेळी न्यूट्रल-अर्थमधला आकडा चढू लागला किंवा दिवे कुठे मंद, कुठे प्रखर दिसू लागले तर कार्यक्रम सुरू करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून प्रत्येक टर्मिनल आवळून घ्यावे. याशिवाय दाब ठरावीक मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारा रिले ध्वनीच्या वितरण पेटीत बसवता येतो. मोटारींच्या कारखान्यांत असे रिले पॅनेलमध्ये बसवलेलेच असतात. मांडवात ते का नसावेत, याला खर्चाचे कारण पुरत नाही.

विजेच्याच बाबतीत दुसरी एक सवय याहून वाईट आहे. स्पीकरमधून सतत गुणगुण येऊ लागली की प्लगमधली अर्थची पिन काढून टाकणे किंवा दोन पिनांचा ॲडॉप्टर लावणे हा सर्रास केला जाणारा इलाज आहे, आणि गुणगुण त्याने खरोखर थांबतेही. ती येते याचे कारण असे, की मिक्सर आणि ॲम्प्लिफायर दोन वेगळ्या ठिकाणांहून अर्थ घेत असतील तर त्या दोन अर्थांच्या दाबातील फरकामुळे ध्वनीच्या केबलच्या वेष्टनातून 50 हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो. पिन काढल्याने हा प्रवाह तुटतो, पण त्याबरोबर माणसाचे संरक्षणही तुटते. ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वी 3 मे 1972 रोजी वेल्समधील स्वान्सी येथे कार्यक्रमात अर्थ नसलेल्या माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने मरण पावले. सर्व उपकरणांना एकाच वितरण पेटीतून अर्थसह वीज देणे आणि संकेताच्या वाटेवर विलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर किंवा वाद्याचा संकेत मिक्सरसाठी जुळवणारा डीआय बॉक्स बसवणे, हाच गुणगुणीवरचा रास्त उपाय आहे. पाऊस असताना, म्हणजे नेमका पालखीच्या आणि गणपतीच्या दिवसांत, 30 मिलिॲम्पिअरची गळती ओळखून पुरवठा तोडणारी आरसीसीबी पेटीत असावीच.

वीज जाण्याची तयारी मात्र जुन्या पिढीच्या साउंडवाल्यांना आजच्यापेक्षा बरी जमत असे. भारतात बनणाऱ्या अनेक साध्या पीए ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे 230 व्होल्टच्या वायरीशेजारी 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी दोन टर्मिनल असतात. गाडीची बॅटरी जोडून ठेवली की वीज गेली तरी भोंगा चालू राहतो. दिंडीच्या वाहनावर, प्रचाराच्या रिक्षात आणि खेड्यातल्या लग्नात ही सोय वर्षानुवर्षे कामी आली. डिजिटल मिक्सर आणि लाइन ॲरे स्पीकर आले, आवाजाची गुणवत्ता वाढली, पण ती दोन टर्मिनल नाहीशी झाली. काही किलोवॉटचे ॲम्प्लिफायर बॅटरीवर चालवणे परवडत नाही हे खरे. तरी मिक्सर, स्टेजबॉक्स आणि वायरलेस माइकचे रिसीव्हर यांना मिळून दोन-तीनशे वॉटच लागतात आणि एक माफक यूपीएस त्यांना काही मिनिटे सहज जागे ठेवतो. त्याचा लाभ वीज परतल्यावर समजतो. यूपीएस नसेल तर जनरेटर दहा सेकंदांत सुरू झाला तरी डिजिटल मिक्सर संगणकाप्रमाणे नव्याने सुरू होण्यात बराच वेळ घेतो, आणि तोवर निवेदक ओठ हलवत उभा राहतो. पुणे परिसरात देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याचा प्रघात सर्वांना माहीत आहे. माहीत असलेल्या वीजबंदीची तयारी होते, अनपेक्षित वीज जाण्याची होत नाही, एवढाच काय तो फरक.

आता सर्वाधिक वेळा होणाऱ्या बिघाडाकडे, म्हणजे केबलकडे. केबल मधोमध क्वचितच तुटते. ती तुटते जॅकपासून बोटभर अंतरावर, जिथे वारंवार वाकून आतली बारीक तार सोल्डरच्या टोकाशी मोडते. कोपरावर पिळून गुंडाळल्याने हे लवकर होते, एक वेढा सरळ आणि पुढचा उलटा घेऊन गुंडाळल्याने उशिरा होते. कार्यक्रमात केबल खरखरू लागली की साउंडवाला ती बदलतो, इथवर सगळे ठीक असते. पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे: काढलेली केबल घाईत गुंडाळून त्याच पेटीत इतरांबरोबर टाकली जाते, रात्री एक वाजता टेम्पोत चढते आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावात, दुसऱ्या गायकाच्या हातात पुन्हा खरखरते. चाकणच्या कोणत्याही यंत्रशाळेत नापास झालेला भाग लाल रंगाच्या पेटीत जातो, जेणेकरून तो चांगल्या मालात मिसळणार नाही, आणि त्या पेटीतला भाग परत लाइनवर आणणाऱ्याची धडगत नसते. ध्वनीच्या सामानात अशी एक लाल पिशवी ठेवली आणि खराब केबलच्या दोन्ही टोकांना लाल टेप लावण्याची शिस्त पाळली, तर केबलमुळे होणारे पुढचे पुष्कळ बिघाड जागीच खुंटतात. वायरलेस माइकबाबत तर नियम इतका सोपा आहे, की तो पाळला जात नाही याचेच नवल वाटते: प्रत्येक कार्यक्रमाला नवे सेल घालावेत आणि अर्धवट संपलेले घरच्या रिमोटला लावावेत.

डिजिटल मिक्सरने बिघाडाचा एक नवा प्रकार आणला आहे, तो म्हणजे जोखीम एका ठिकाणी गोळा होणे. पूर्वी रंगमंचापासून मिक्सरपर्यंत प्रत्येक माइकची स्वतंत्र जोडी जात असे. एक जोडी तुटली तर एक माइक जाई. आता बत्तीस माइकांचे संकेत नेटवर्कच्या एकाच केबलमधून येतात आणि त्या केबलवर कोणी लोखंडी खुर्चीचा पाय ठेवला तर बत्तीसही माइक एकदम जातात. म्हणून दुसरी केबल आधीच टाकून ठेवावी लागते, आणि तीही पहिलीच्या शेजारून नेली तर तीच खुर्ची दोघींचा निकाल लावते. ती मांडवाच्या दुसऱ्या बाजूने न्यावी. मिक्सरवरील सर्व मांडणी पेन ड्राइव्हमध्ये साठवून ठेवावी आणि त्यापलीकडे एक अगदी साधा, सहा-आठ माइकांचा ॲनालॉग मिक्सर चालू स्थितीत टेबलाखाली असावा, ज्याची वायर ॲम्प्लिफायरपर्यंत आधीच पोहोचलेली आहे. नाटकाच्या पार्श्वसंगीतासाठीही हेच लागू आहे: संगीत लॅपटॉपवरून वाजत असेल तर तेच तुकडे त्याच क्रमाने दुसऱ्या यंत्रात, निदान मोबाइलमध्ये, जोडून तयार असावेत आणि लॅपटॉपचे स्वयंचलित अद्ययावतीकरण बंद असावे.

‘जोडून तयार’ या दोन शब्दांवर या साऱ्या नियोजनाची मदार आहे. टेम्पोत असलेला जादा मिक्सर ही मालमत्ता झाली; त्याला पर्यायी व्यवस्था म्हणता येत नाही, कारण तो आणून जोडेपर्यंत श्रोते चपला शोधू लागतात. सुटे सामान किती आहे यापेक्षा बदल किती सेकंदांत होतो, हे मोजले पाहिजे, आणि ते मोजण्यासाठी ध्वनिचाचणीच्या वेळी मुख्य माइक मुद्दाम काढून, मिक्सरचा प्लग मुद्दाम ओढून पाहिला पाहिजे. न तपासलेले संरक्षण कधी कधी स्वतःच घात करते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे 3 फेब्रुवारी 2013 रोजी अमेरिकी फुटबॉलच्या ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्यात स्टेडियमचा अर्धा भाग अंधारात गेला आणि खेळ 34 मिनिटे थांबला. चौकशीत जो रिले कारणीभूत ठरला तो वीजपुरवठ्याच्या संरक्षणासाठीच नव्याने बसवलेला होता.

इतके करूनही बिघाड होतोच, तेव्हा तो शोधण्याची रीत ठाऊक असावी. घाबरलेला माणूस साखळीच्या एका टोकापासून सुरुवात करतो आणि एकाच वेळी तीन गोष्टी बदलतो, त्यामुळे आवाज परत आला तरी कशाने आला ते कळत नाही. जाणकार मधोमध हात घालतो. मिक्सरवरील मीटर हलत असेल तर माइक, केबल आणि स्टेजबॉक्स निर्दोष आहेत आणि दोष पुढे आहे. हलत नसेल तर तो मागे आहे. उरलेल्या अर्ध्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. आठ टप्प्यांच्या साखळीत अशा तीन तपासण्यांत दोषाची जागा सापडते. त्या काळात मुख्य आवाज खाली ओढून ठेवावा, नाहीतर जोडणी अचानक जुळताच होणारा स्फोटासारखा आवाज स्पीकरलाही मारतो आणि पुढच्या रांगेतल्या कानांनाही. मोठ्या गर्दीत याला आणखी एक बाजू आहे: चेंगराचेंगरीसारखा प्रसंग उद्भवला तर सूचना देण्याचे साधन ध्वनिव्यवस्थाच असते, म्हणून सेलवर चालणारा एक हातभोंगा व्यासपीठाजवळ असणे हे पालखी तळासारख्या ठिकाणी अनिवार्यच मानावे.

या सर्व तयारीचा खर्च फार मोठा नसतो, तरीही तो टळतो, कारण आयोजक कोटेशन मागताना स्पीकर किती आणि किती वॉटचे एवढेच विचारतात आणि साउंडवाला विचारले जाईल तेच पुरवतो. मंडळांनी, संस्थांनी आणि कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांनी यापुढे कोटेशनमध्ये तीन ओळी वाढवाव्यात: मिक्सरला यूपीएस आहे का, मुख्य माइकला जोडून तयार असलेला दुसरा माइक आहे का, आणि वितरण पेटीत दाबाचा रिले व आरसीसीबी आहे का. आणि ध्वनिसंयोजकाला सभागृह कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी न देता किमान तीन तास आधी द्यावे.